पोचा, पुट्टी आणि व्हिनाइल: वाचकांचे प्रश्न

गाडीच्या खराब झालेल्या पत्र्यावर घरच्या घरी व्हिनाइल रॅप (रंगावरून चिकटवायची प्लास्टिकची फिल्म) लावता येतो का, यावर आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न इथे घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

माझ्या नऊ वर्षांच्या हॅचबॅकचा मागचा दरवाजा फाटकाला घासला. दोन पोचे आलेत आणि एक चरा थेट पत्र्यापर्यंत गेलाय. रंगकाम करण्याऐवजी वरून व्हिनाइल लावलं तर हे सगळं झाकलं जाईल का? (सांगली)

रंग झाकला जाईल, आकार नाही. चांगली रॅप फिल्म गोंदासकट ८० ते १०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ती पत्र्याला अंगासरशी बसते, त्यामुळे खालचा खळगा, कड, धुळीचा कणसुद्धा वर उमटतो.

चऱ्यावर आडवं नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर तो फिल्मखाली दिसणार नाही. अडकलं तर भरून घ्यावाच लागेल. तुमचा चरा पत्र्यापर्यंत गेलाय, म्हणजे तिथे गंज धरायला सुरुवात झालेली असणार. तो खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोचा ग्लॉस फिल्मखाली आहे त्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो, कारण चकचकीत पृष्ठभागावर प्रतिबिंब वाकडं होतं. मॅट किंवा सॅटिन फिल्म उजेड पसरवते, म्हणून उथळ पोचा तिच्याखाली बराच निवतो. धारदार घडी मात्र कुठल्याच फिल्मखाली लपत नाही. पोच्यावरचा रंग तडकलेला नसेल, तर रंग न मोडता आतून पोचा काढणाऱ्या कारागिराकडे आधी जा. पुट्टी जितकी कमी, तितकं पुढचं काम सोपं.

आणखी एक गोष्ट फिल्म विकत घेण्याआधी ठरवा. एकाच दरवाजावर गाडीच्याच रंगाची फिल्म लावली तर ती वेगळी दिसते. पांढऱ्यातही पिवळसर, निळसर, मोतिया असे प्रकार असतात आणि नऊ वर्षं ऊन खाल्लेल्या रंगाशी नवी फिल्म जुळत नाही. त्यापेक्षा दरवाजांच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना सारखाच मॅट काळा पट्टा घ्या. खराबी पट्ट्यात जाते, ठिगळ वाटत नाही आणि फिल्मही कमी लागते.

पोच्यात पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली आणि थेट वर व्हिनाइल लावलं. पंधरा दिवसांत बरोबर पुट्टीच्या जागेवर फुगे आले. फिल्म खराब होती का? (नाशिक)

फिल्मचा दोष नाही. पुट्टी सच्छिद्र असते, तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते. घासल्यावर वर जो पिठासारखा थर राहतो, त्यालाच तुमच्या फिल्मचा गोंद चिकटला. शिवाय पाणी मारून घासलं असेल, तर ते पाणी पुट्टीत मुरलं. उन्हात पत्रा तापला की त्याची वाफ होते आणि वर फिल्म असल्याने तिला वाट मिळत नाही. पुट्टी, उघडा पत्रा किंवा नुसता एक-भागी (हार्डनर, म्हणजे कडक करणारं रसायन, न मिसळता लावलेला) प्रायमर, यांपैकी कशावरही फिल्म टिकत नाही. फिल्मचा गोंद धरतो तो सगळ्यात वरचा थर, पण पकड राहते सगळ्यात कच्च्या थराइतकीच. त्यामुळे खालचं काम असं करा.

फिल्म काढा. पुट्टी नखाने खरवडून बघा. चुऱ्यासारखी निघत असेल किंवा कडेला उचलली असेल, तर ती पूर्ण काढा. पोच्याच्या कडेपासून तीन-चार सेंटीमीटर बाहेरपर्यंतचा रंग ८० नंबरच्या घासायच्या कागदाने उतरवून पत्रा खरखरीत करा. पुट्टी गुळगुळीत रंगावर चढवली, की तिची कड पुढे हमखास उठते.

पॉलिएस्टर पुट्टी १०० ग्रॅम असेल, तर हार्डनर २ ग्रॅम. उन्हाळ्यात दीड चालतो, डिसेंबरच्या गारठ्यात अडीच. हार्डनर कमी पडला तर पुट्टी आतून मऊच राहते. 'लवकर सुकावी' म्हणून जास्त घातला तर बारीक भोकं पडतात आणि न वापरला गेलेला हार्डनर वर झिरपून रंगावर डाग उमटवतो. काचेवर पातळ पसरून, दाबून कालवा. फेटू नका, फेटल्याने हवा शिरते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. हाताशी दहा मिनिटंच असतात, म्हणून लागेल तेवढीच कालवा.

घासायचं ते कोरडं, ठोकळ्यावर कागद गुंडाळून: ८०, मग १५०, मग २४०. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी नाल्या पडतात. मधेमधे काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा मारा. घासताना जिथे काळं शिल्लक राहील, तिथे अजून खळगा आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी शेवटच्या सुईएवढ्या भोकांपुरतीच वापरा, जाड थरात ती महिनाभर आकसत राहते.

आता प्रायमर. तो दोन-भागी हवा, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा. घरी करायचं असेल तर दोन-भागी एपॉक्सी प्रायमर छोट्या फोम रोलरने दोन हात लावा. दोन-भागी युरेथेन प्रायमर किंवा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजेच लॅकर) घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकतं आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. हे काम फवारणीचा बंदिस्त बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या. एका दरवाजाचं काम तिथे फार मोठं नसतं. आधीच लावलेला प्रायमर कोणता आहे हे कळत नसेल, तर थिनरने ओलं केलेलं फडकं त्यावर अर्धा मिनिट दाबून पुसा. रंग फडक्यावर आला तर तो एक-भागी आहे. तो काढायचा.

प्रायमर पक्का झाला की ४०० आणि मग ६०० च्या वॉटर पेपरने घासा. त्यावर गाडीच्या रंगाचा किंवा क्लिअरचा एक हात दिलात तर उत्तम, कारण फिल्म चिकटवण्यासाठी पूर्ण सुकलेल्या, चमकदार रंगाइतका चांगला पृष्ठभाग दुसरा नाही.

प्रायमर मातकट असल्याने त्यावर खळगे दिसत नाहीत. म्हणून फिल्म लावण्याआधी त्यावर पाण्याचा फवारा मारा, समोर ट्यूबलाइट धरा आणि पत्र्यालगत डोळा नेऊन तिरकं बघा. ओल्या पत्र्यावर ट्यूबची सरळ रेघ पडते. ती जिथे लचकते, तिथे वर्तुळ करा. फिल्म लावल्यावर नेमकं तेवढंच दिसणार आहे.

शेवटचं काम वाट बघण्याचं. भट्टीत न भाजलेला नवा रंग किंवा प्रायमर तीन-चार आठवडे आतून थिनर सोडत राहतो. खात्री करायला तळहाताएवढा फिल्मचा तुकडा चिकटवून गाडी दिवसभर उन्हात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक फोड आले, तर अजून आठवडाभर थांबा.

ऑनलाइन रोलच्या किमतींत चौपट फरक दिसतो. स्वस्त रोल घेतला तर काय बिघडेल? आणि फिल्म किती मागवावी? (अमरावती)

'कास्ट' आणि 'कॅलेंडर्ड' असे दोन प्रकार आहेत. कास्ट फिल्म पातळ पीव्हीसी ओतून, भाजून बनते. ती बनताना ओढली जात नाही, म्हणून नंतर आकसतही नाही. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांतून लाटली जाते. तो ताण तिच्यात राहतो आणि ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे जायला बघते: कडा दोन-तीन मिलिमीटर मागे सरकतात, खोलगट जागी फिल्म तंबूसारखी उठते. सपाट पट्ट्याला कॅलेंडर्ड चालून जाईल. दरवाजाचं हँडल, बंपर, आरशाचं कव्हर इथे कास्टच हवी. थ्रीएमची २०८० मालिका आणि एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म या कास्ट आहेत. नावाच्या रोलच्या नकला बाजारात आहेत, तेव्हा अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या. पहिल्यांदाच करणाऱ्याने गोंदात हवा जाण्याच्या बारीक नाल्या असलेलीच फिल्म घ्यावी. तिच्यातली हवा दाबून बाहेर काढता येते.

रोल साधारण १.५२ मीटर रुंद असतो. पत्र्याचं माप घेऊन चारी बाजूंना १० सेंटीमीटर वाढवा. हॅचबॅकच्या बॉनेटला साधारण सव्वा ते दीड मीटर लांबी लागते, एका दरवाजाला सव्वा मीटर, आख्ख्या गाडीला १५ ते १७ मीटर. पहिलंच काम असेल तर एक तुकडा वाया जाणार हे धरून मागवा. सगळे तुकडे एकाच रोलमधले असू द्या. मेटॅलिक फिल्म असेल तर कापण्याआधी मागच्या कागदावर एकाच दिशेचे बाण काढून ठेवा. तुकडा फिरवून लावला तर तो वेगळ्याच छटेचा दिसतो.

बॉनेटवरचा लॅकर उन्हाने पापुद्रे सुटून निघतोय. त्यावर व्हिनाइल लावायचं आहे. कसं लावावं, तेही सविस्तर सांगा. (नागपूर)

सुटता लॅकर तसाच ठेवून लावलेली फिल्म त्या लॅकरसकट उठते. दिसणाऱ्या पापुद्र्याच्या पुढे तीन-चार सेंटीमीटर लॅकर आधीच सुटलेला असतो, फक्त अजून पांढरा पडलेला नसतो. म्हणून पापुद्रा संपतो तिथे रुंद, चिवट टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. जोवर टेपवर पापुद्रा येतोय, तोवर मागे सरका. मग ३२० ने कड घासून इतकी उतरती करा, की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. पुढे ४००, प्रायमर, ६००. सगळं वरच्या उत्तरासारखंच. बॉनेटचा अर्ध्याहून अधिक लॅकर गेला असेल, तर तो सगळाच घासून काढा.

लावण्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवा, म्हणजे फटींतलं पाणी सुकेल. सकाळी ७० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ३० भाग पाण्याने पुसा. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं. द्रव वाळायच्या आत पुसून घ्या, नाहीतर मेण तिथेच पसरतं. कडांची आतली बाजू पुसायला लोक विसरतात आणि फिल्म तिथूनच सुटते. वॉशरच्या नळ्या आणि चिन्ह काढून ठेवा.

पत्र्याचं तापमान १८ ते ३० अंशांत हवं. नागपूरच्या मे महिन्यात हे फक्त पहाटे आणि तेही सावलीतच साधेल. पत्रा तापलेला असला की फिल्म रबरासारखी लिबलिबीत होते आणि गोंद टेकताक्षणी धरतो, उचलून परत लावता येत नाही. पंखा बंद, जमिनीवर पाण्याचा शिडकावा, म्हणजे धूळ बसते.

दोघं लागतात. मागचा कागद पूर्ण काढून फिल्म चारी कोपऱ्यांनी धरा आणि बॉनेटवर आणून ताणा. ती काचेसारखी सपाट झाली की अलगद टेकवा. मधोमध एक हात दाबून कडेकडे जा. स्क्वीजीला (फिल्म दाबून बसवायच्या पट्टीला) फेल्ट लावलेली असावी, ती ४५ अंशांत धरा आणि प्रत्येक फटका आधीच्यावर अर्धा चढवा. सुरकुती आली तर ती दाबू नका. फिल्म उचला, हीट गन हलकी फिरवा, सुरकुती आपोआप निघते, मग परत लावा. फिल्म १०-१५ टक्क्यांहून जास्त ताणू नका. जास्त ताणलेल्या जागी रंग फिका पडतो आणि तीच जागा पुढे मागे खेचली जाते. खोलगट रेषेत फिल्म आधी आत बसवा, मग दोन्ही बाजूंना जा. उलट केलंत, तर खोलगटात ती पुलासारखी ताणून राहते आणि आठवड्यात उठते.

कड ५ ते १० मिलिमीटर आत वळवून कापा. पातं ३० अंशांचं, नवं, आणि दर दोन-तीन कापांनंतर टोक मोडायचं. जुनं पातं जोर मागतं, जोर दिला की रंग चिरतो आणि त्या चिरेत गंज धरतो. पत्र्यावर कापायचंच असेल, तर कापण्याचा दोरा असलेली टेप मिळते. ती आधी चिकटवून वरून फिल्म लावा आणि मग दोरा ओढा, पातं लागतच नाही.

आता ज्यावर सगळं टिकतं ते काम. सगळ्या कडा आणि ताणलेल्या जागा हीट गनने ९० ते ११० अंशांपर्यंत तापवा. अंदाजाने नको, लेसर थर्मामीटरने मोजा. या उष्णतेने फिल्मची 'आठवण' मोडते आणि ती नव्या आकारात स्थिरावते. हे न केलेली कड पहिल्याच कडक उन्हात सुटते.

राहिलेला छोटा फुगा सुईने तिरका टोचून अंगठ्याने दाबा. तीन दिवस गाडी धुऊ नका, आठवडाभर प्रेशर वॉशर नको. नंतरही त्याचं तोंड कडेकडे वळवू नका. आणि एक लक्षात असू द्या: बॉनेट आणि छतावर सरळ ऊन पडतं, तिथली फिल्म दरवाजापेक्षा बरीच आधी म्हातारी होते.

दरवाजांच्या खालच्या कडेला रंग फुगलाय. गंज घासून वर व्हिनाइल लावलं तर पुढचा गंज थांबेल का? (रत्नागिरी)

नाही, उलट वाढेल. दरवाजाचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. काचेवरून उतरणारं पाणी, किनाऱ्यावर तर खारी हवाही, त्या दुमडीत साठते. बाहेरून फुगा दिसतो तेव्हा आतून पत्रा खाल्ला गेलेला असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणं हाच मार्ग. भोकावर टेप, वर पुट्टी, वर फिल्म हे एका पावसाळ्याचंही काम नाही.

पत्रा टणक असेल, तर तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावा, डब्यावर सांगितल्याप्रमाणे सुकू द्या, मग दोन-भागी एपॉक्सी प्रायमर आणि रंग. दुमडीत आतून पोकळीत मारायचं मेण फवारा.

दरवाजाच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. फिल्मची कड त्यांच्या अलीकडे निदान १० मिलिमीटर थांबवा. भोकं झाकली गेली तर दरवाजा आतून हौदासारखा भरतो. गाडी चालवताना दरवाजातून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर पहिली ही भोकं तपासा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. उघडा केलेला पत्रा त्या दमट हवेत रात्रीतून तांबूस होतो.

मागचा बंपर कोपऱ्यात चिरलाय. व्हिनाइल चीर धरून ठेवेल का? (ठाणे)

धरणार नाही. बंपर काढा आणि मागे उमटवलेली अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी 'पीपी' दिसेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधं एपॉक्सी धरत नाही, त्याच प्लास्टिकच्या सळीने मागून वेल्ड करावं लागतं. चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही. मागून व्ही आकाराची खाच करून वेल्ड भरा, वर स्टीलची जाळी वितळवून बसवा. पुढून प्लास्टिकचा अॅडहिजन प्रमोटर (पकड वाढवणारा द्रव) आणि लवचीक बंपर पुट्टी; पत्र्याची पुट्टी इथे तडकते.

रंग नसलेल्या, खरखरीत काळ्या प्लास्टिकवर फिल्म चिकटत नाही, तो भाग सोडून द्या. बंपर एकाच तुकड्यात करायचा हट्ट नको. घडीच्या रेषेवर जोड घ्या आणि ५-६ मिलिमीटर चढाव द्या. पार्किंग सेन्सर झाकू नका. गाडीला पुढे रडार असेल, तर त्याच्यासमोर मेटॅलिक फिल्म लावू नका.

पांढऱ्या गाडीला मॅट हिरवा रॅप केला तर आरटीओची अडचण येईल का? (पुणे)

येईल. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडी त्या नोंदीशी जुळायला हवी. मुख्य रंग बदलणार असाल तर आधी आरटीओकडे अर्ज करून नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. ऑलिव्ह ग्रीन मात्र घेऊच नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठीच राखीव आहे, आणि मॅट हिरव्या फिल्मच्या कित्येक छटा त्याच्या अगदी जवळ जातात.

पाच वर्षांपूर्वीचा रॅप काढायचाय. रॅपखालचा एक दरवाजा बाहेर, म्हणजे गॅरेजमध्ये रंगवलेला आहे. रंग निघेल का? (सोलापूर)

कंपनीचा भाजलेला रंग सहसा निघत नाही. बाहेर रंगवलेला दरवाजा धोक्यात आहे, खाली पुट्टी असेल तर जास्तच. सुरुवात त्याच दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यातून, न दिसणाऱ्या जागी करा. फिल्म ६०-७० अंशांपर्यंत तापवा आणि पत्र्यालगत, स्वतःवरच मागे दुमडत सावकाश ओढा. सरळ बाहेर ओढली तर रंगावर सगळा जोर येतो. कोपऱ्यातच रंग येऊ लागला, तर तिथेच थांबा आणि दरवाजा पुन्हा रंगवायचा की फिल्म तशीच ठेवायची ते ठरवा.

पाच वर्षं उन्हात राहिलेली फिल्म टिकल्या-टिकल्यांनी तुटते. अशा वेळी पात्याने खरवडू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा आणि एका वेळी वीतभर जागाच तापवा. मागे राहिलेला गोंद टार रिमूव्हरने पाच मिनिटं भिजवून फडक्याने गोळा करा. थिनर बाहेर रंगवलेल्या दरवाजाजवळ आणूच नका. तो रंग एक-भागी असेल, तर गोंदाबरोबर तोही फडक्यावर येईल.